चषकावरील फुल्या

उत्तर अमेरिकेत बर्फावर जी हॉकी खेळली जाते, तिचे सर्वांत मानाचे पारितोषिक म्हणजे स्टॅन्ले चषक. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी तो १८९२ साली देऊ केला आणि १८९३ पासून विजेत्या संघाला तो मिळू लागला. आपल्याकडच्या ढालींवर संघाचे नाव आणि साल कोरले की काम भागते. या चषकाची रीत निराळी आहे. जिंकणाऱ्या संघातील खेळाडूंची, शिक्षकांची, चालकांची नावे त्याच्या रुपेरी पट्ट्यांवर एकेक अक्षर ठोकून उमटवली जातात. त्या पट्टीवर नाव असणे म्हणजे या खेळाच्या जगात अमर होणे, असे तिथला माणूस समजतो.

नावांच्या या गर्दीत काही जागी मात्र अक्षरे नाहीत, फुल्या आहेत. त्यांतल्या दोन जागांची हकीगत सांगण्यासारखी आहे. १९८४ साली एडमंटनच्या संघाने चषक जिंकला, तेव्हा संघाच्या मालकाने आपल्या वडिलांचे नाव यादीत घुसडले. वडिलांचा आणि संघाचा काही संबंध नव्हता. लीगच्या लक्षात ही गोष्ट आली आणि बेसिल पॉकलिंग्टन या नावावर सोळा फुल्या पडल्या. ही हकीगत तिथले लोक हसतहसत सांगतात. दुसरी हकीगत कोणी हसत सांगत नाही. शिकागोच्या संघाने २०१० साली जिंकलेल्या चषकावर ब्रॅडली ऑल्ड्रिच असे एक नाव होते. हा संघाचा चित्रफीत-शिक्षक. सामन्यांच्या चित्रफिती पाहून खेळाडूंना चुका दाखवणे हे त्याचे काम. त्याच्या नावावर फुल्या मारण्याचे २०२१ च्या नोव्हेंबरात ठरले. मधली अकरा वर्षे ते नाव तसेच मिरवत होते. ती अकरा वर्षे कशी गेली, आणि त्या काळात हजारो भले, सज्जन, खेळावर जीव टाकणारे प्रेक्षक कशावर वाद घालत बसले होते, हा या लेखाचा विषय आहे.

मी या खेळाचा जाणकार नव्हे. आमची हॉकी मातीवरची. पण २०२५ च्या उन्हाळ्यात मी टोरोंटोजवळ लेकीकडे राहिलो होतो. २४ जुलैला लंडन येथील न्यायालयाचा निकाल लागला. हे लंडन इंग्लंडमधले नव्हे, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातले. त्या संध्याकाळी लेकीच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांची नात आमच्या अंगणात आली होती. आजोबांनी दोन्ही मुलांना हिवाळ्यात पहाटे पाच वाजता सरावाला नेण्यात आयुष्याची दहा वर्षे घालवलेली. नात मुलींच्या संघात गोल राखणारी. दोघांचे एवढे कडाक्याचे भांडण झाले की, नात चहा न घेता उठून गेली. आजोबा म्हणत होते, "पाचही मुले निर्दोष सुटली, न्यायाधीशबाईंनी स्वच्छ सांगितले, आता विषय संपला." नात म्हणत होती, "तुमचा विषय सात वर्षांपूर्वीच संपला होता, आजोबा. तुम्हाला तो कधी सुरूच व्हायला नको होता."

दोघांच्याही बोलण्यात मला तथ्य दिसले, आणि म्हणूनच मी अस्वस्थ झालो. पुढचे काही आठवडे मी जुनी वर्तमानपत्रे, अहवाल, न्यायालयीन वृत्तांत वाचण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने सांगतो.

या प्रकरणांचा सार्वजनिक इतिहास १९९७ च्या जानेवारीत सुरू होतो, असे म्हणायला हरकत नाही. सस्कॅचेवन प्रांतातील स्विफ्ट करंट या लहानशा गावच्या तरुण संघाचा ग्रॅहम जेम्स हा शिक्षक. १९८६ च्या डिसेंबरात या संघाच्या बसला अपघात होऊन चार खेळाडू दगावले, आणि अडीच वर्षांनी, १९८९ साली, त्याच संघाने कनिष्ठ गटाचा राष्ट्रीय चषक जिंकला. साहजिकच जेम्स देशाच्या कौतुकाचा विषय झाला. एका नामांकित हॉकी साप्ताहिकाने त्याला वर्षाचा मानकरीही ठरवले. हाच मनुष्य आपल्या हाताखालच्या मुलांवर वर्षानुवर्षे अत्याचार करीत होता. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या शिष्यांपैकी शेल्डन केनेडी तोपर्यंत नॅशनल हॉकी लीगमध्ये नावारूपाला आला होता. त्याने स्वतः पुढे येऊन आपले नाव सांगितले. पुढच्या वर्षी चाकांचे स्केट्स पायात घालून त्याने अत्याचारग्रस्त मुलांसाठी निधी जमवत कॅनडा देश आडवा पार केला. दुसरा शिष्य थिओरेन फ्लेरी. त्याला हेच सांगायला २००९ साल उजाडावे लागले.

या प्रकरणात प्रेक्षकांना वाद घालण्यासारखे फारसे नव्हते. आरोपी शिक्षक होता, मैदानावरचा लाडका नव्हता; त्याने गुन्हा कबूल केला होता; आणि तक्रार करणारा प्रेक्षकांचाच आवडता खेळाडू होता. एक दुष्ट माणूस होता, तो सापडला, अशी लोकांनी समजूत करून घेतली. तो माणूस इतकी वर्षे सापडला का नाही, त्याच्याकडे मुले सोपवणाऱ्या संस्था काय करीत होत्या, हा प्रश्न तेव्हा जितका विचारायला हवा होता तितका विचारला गेला नाही.

वाद कठीण होतो तो आरोप खुद्द लाडक्या खेळाडूवर आला आणि त्याने तो नाकारला म्हणजे. हे २०१५ साली शिकागोत घडले. पॅट्रिक केन हा शिकागो ब्लॅकहॉक्स संघाचा खेळाडू. २०१० साली जादा वेळेत निर्णायक गोल करून एकोणपन्नास वर्षांनी चषक शिकागोत आणणारा हाच. २०१५ च्या जूनमध्ये संघाने सहा हंगामांत तिसऱ्यांदा चषक जिंकला, आणि ऑगस्टमध्ये बातमी आली की, बफेलो शहराजवळच्या हॅम्बर्ग गावी केनविरुद्ध एका तरुणीने बलात्काराची तक्रार केली असून पोलीस चौकशी करीत आहेत. एका संगणकीय हॉकी-खेळाच्या वेष्टनावर त्याचे चित्र यायचे होते, ते कंपनीने काढून टाकले. संघाने मात्र त्याला सरावात ठेवले. आपण काही गैर केलेले नाही, हे सत्य बाहेर आल्यावर दिसेल, असे त्याने वार्ताहरांना सांगितले आणि तो खेळू लागला.

त्या तीन महिन्यांत शिकागोच्या शौकिनांत जे वाद झाले, त्यांचा साचा तुम्हा-आम्हाला अनोळखी नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष, असे एक म्हणे; मग तिला खोटी ठरवायला तुला कोणता पुरावा मिळाला, असे दुसरा विचारी. पैसेवाल्या माणसावर असे बालंट येतेच, असे तिसऱ्याचे मत. इतकी नामुष्की ओढवून घ्यायला कोणती बाई हौसेने पुढे येईल, असा चौथीचा सवाल. खेळ वेगळा आणि माणूस वेगळा, असे शहाणपण सांगणारेही होते. केनच्या अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा लाल सदरा घालून सामन्याला जाणाऱ्या बायांपुढे तर फारच साधा आणि फारच अवघड प्रश्न होता: आता हा सदरा घालावा की कपाटात ठेवावा? सप्टेंबरात पुराव्याच्या एका पिशवीवरून गदारोळ उठला. तरुणीच्या वकिलाने दुसऱ्याच दिवशी काम सोडले आणि ती पिशवी म्हणजे बनवाबनवी होती असे जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी जाहीर केले. अठ्ठेचाळीस तासांत सगळ्यांची मते दोनदा पालथी झाली.

५ नोव्हेंबरला सरकारी वकिलांनी सांगितले की, पुराव्याने आरोपाला आधार मिळत नाही, खटला भरण्यात येणार नाही. तक्रारदार तरुणीनेही खटला नको असे लिहून दिले होते. पुढल्या मार्चमध्ये लीगनेही तक्रार निराधार ठरवून प्रकरण मिटवले. इकडे केनने सलग सव्वीस सामन्यांत गुण मिळवले होते. हंगामअखेर त्याचे १०६ गुण झाले आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला.

तेव्हा कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण संपले, आणि ते संपलेलेच मानले पाहिजे. ऑगस्टमध्येच ज्यांनी केनला दोषी ठरवून टाकले होते, त्यांच्यापाशी नोव्हेंबरात उत्तर नव्हते. पण ज्यांनी तीन महिने त्या तरुणीची नालस्ती केली, त्यांना तरी ऑगस्टमध्ये काय ठाऊक होते? काहीच नाही. दोन्ही बाजूंनी अंधारात डाव लावला होता. एका बाजूचा डाव लागला म्हणून ती बाजू शहाणी ठरत नाही.

आता या कथेतला खरा पेच पाहा. हे सारे शहर २०१५ साली बफेलोजवळच्या एका घरात काय झाले असेल यावर भांडत होते. ते घर प्रेक्षकांपैकी कोणी पाहिले नव्हते, पाहू शकतही नव्हते. आणि त्याच वेळी, त्याच संघाच्या कचेरीत, पाच वर्षांपूर्वीचे एक प्रकरण दाबलेले पडून होते. ते मात्र प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच टाळ्यांच्या आड घडलेले होते.

हे प्रकरण उघडे झाले ते २०२१ साली. संघानेच नेमलेल्या वकिलांनी १०७ पानांचा अहवाल दिला आणि २६ ऑक्टोबरला तो जाहीर झाला. त्यातली हकीगत अशी. २३ मे २०१० रोजी शिकागोच्या संघाने उपान्त्य फेरी जिंकली. स्टेडियममध्ये जल्लोष चालू होता. त्यानंतर तासाभराच्या आतच संघाचे वरिष्ठ चालक एका खोलीत जमले. राखीव फळीतल्या वीस वर्षांच्या एका खेळाडूची, ऑल्ड्रिचने आपल्याशी लैंगिक अतिप्रसंग केला अशी तक्रार त्यांच्यापुढे आली होती. अंतिम सामने तोंडावर होते. संघाचे लक्ष विचलित होईल, बोभाटा होईल, अशी चर्चा झाली. आणि चषक जिंकला जाईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, काहीही करण्यात आले नाही. ९ जूनला चषक जिंकला. ऑल्ड्रिच संघाबरोबरच होता, विजयोत्सवात होता. मग त्याला सांगण्यात आले: चौकशीला सामोरा जा किंवा राजीनामा दे. त्याने राजीनामा दिला. त्याला पैसे मिळाले, चषकावर नाव मिळाले, प्रथेप्रमाणे एक दिवस चषकही त्याच्या हवाली झाला. पुढे मिशिगनमध्ये एका शाळकरी खेळाडूबाबतच्या लैंगिक गुन्ह्यात तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला.

अहवाल प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो राखीव खेळाडू दूरचित्रवाणीवर आला. त्याचे नाव काइल बीच. २००८ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत तो देशोदेशींच्या मुलांतून अकरावा निवडला गेला होता. नॅशनल हॉकी लीगमध्ये तो एकही सामना खेळू शकला नाही. त्या वेळी तो जर्मनीतल्या एका लहान संघात खेळत होता. लीगने शिकागोच्या संघाला वीस लाख डॉलर दंड केला. मुख्य व्यवस्थापकाने राजीनामा दिला, आणि २०१० च्या संघाचा मुख्य शिक्षक तोवर फ्लोरिडाच्या संघाकडे गेला होता, त्यालाही जावे लागले. ही माणसे २०२४ साली लीगने पुन्हा कामास पात्र ठरवली आणि त्यांना नवे संघही मिळाले. चषकावर फुल्या पडल्या त्या या वेळी.

हे वाचून मी पुन्हा लंडनच्या खटल्याकडे वळलो, तेव्हा त्याची एक बाजू मला आधी दिसली नव्हती ती दिसली. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाच्या कनिष्ठ संघाने जागतिक अजिंक्यपद मिळवले. जूनमध्ये लंडन शहरात त्यांचा सत्कार झाला. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत आपल्यावर काही खेळाडूंनी अत्याचार केला, अशी वीस वर्षांच्या एका तरुणीची तक्रार होती. पोलिसांनी तपास केला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत कोणावरही आरोप न ठेवता तो बंद केला. राष्ट्रीय संस्था हॉकी कॅनडा हिने बाहेरचे वकील नेमून चौकशी सुरू केली, पण खेळाडूंनी हजर राहिलेच पाहिजे असे बंधन घातले नाही. ती चौकशी २०२० साली अर्धवटच मिटली. २०२२ च्या एप्रिलमध्ये तरुणीने पस्तीस लाख पन्नास हजार डॉलरचा दिवाणी दावा लावला. मे महिन्यात संस्थेने तो गुपचूप तडजोडीने मिटवला. आपल्याला न विचारता हे केले गेले, असे खेळाडूंच्या वतीने नंतर सांगण्यात आले.

ही तडजोड एका वार्ताहराने उघडकीला आणली आणि देश हादरला. संसदेच्या समितीपुढे संस्थेच्या अधिकाऱ्यांची साक्ष झाली. १९८९ पासून लैंगिक अत्याचाराच्या नऊ प्रकरणांत शहात्तर लाख डॉलर एका राखीव निधीतून दिले गेले होते. पैकी अडुसष्ट लाख एकट्या ग्रॅहम जेम्सच्या पापापोटी. आणि हा निधी कोठून आला? मुलांच्या नोंदणी-शुल्कातून. पहाटे पाच वाजता पोरांना सरावाला नेणाऱ्या आईबापांनी भरलेल्या पैशांतून. माझ्या शेजारच्या आजोबांच्या पैशांतूनही. मोठमोठ्या प्रायोजकांनी हात आखडते घेतले, सरकारने अनुदान थांबवले, आणि ११ ऑक्टोबर २०२२ रोजी संस्थेचा मुख्याधिकारी गेला व सारे कार्यकारी मंडळ पायउतार झाले.

पोलिसांनी तपास पुन्हा सुरू केला. २०२४ च्या आरंभी पाच खेळाडूंवर आरोप ठेवण्यात आले आणि झालेल्या विलंबाबद्दल लंडनच्या पोलीसप्रमुखांनी तरुणीची जाहीर क्षमा मागितली. २०२५ च्या एप्रिलमध्ये खटला उभा राहिला. एक ज्यूरी गेली, दुसरीही सोडून द्यावी लागली, अखेर न्यायमूर्ती मारिया कॅरोचिया यांनी एकट्यांनी खटला ऐकला. तरुणीची साक्ष आणि उलटतपासणी मिळून नऊ दिवस चालली. तिची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही असे सांगून न्यायमूर्तींनी पाचही जणांना निर्दोष सोडले. सरकारने अपील केले नाही. ते वर्तन मात्र आपल्याला अमान्यच आहे असे सांगून लीगने खेळाडूंना डिसेंबरपासून खेळण्याची मुभा दिली. पैकी गोलरक्षक कार्टर हार्ट याला लास वेगासच्या संघाने घेतले.

निकाल लागला, तो मान्य केला पाहिजे. पण सात वर्षांचा हिशेब कोणी द्यायचा? तक्रार खरी असती तर एका मुलीला सात वर्षे दारोदार फिरवले गेले. आणि न्यायालयाने ठरवल्याप्रमाणे मुले निर्दोष, तर त्यांच्या उमेदीच्या वर्षांवर सावट राहिले, आणि ते दूर करू शकणारी चौकशी वेळेवर पुरी झाली नाही. दडपादडपीने कोणाचेच भले झाले नाही. फक्त संस्थेला चार वर्षे सुखाने झोप लागली. जेथे चौकशी वेळेवर होत नाही, तेथे मग प्रेक्षकांची पंचायत बसते, आणि त्या पंचायतीत पुराव्याच्या जागी माया आणि चीड बोलते.

येथवर लिहिले आणि हात थांबला, कारण शिकागोच्या खोलीतली ती बैठक मला परकी वाटेना. ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या भागातल्या एका क्रीडासंस्थेचा चिटणीस होतो. मुलींचा संघ आम्ही नुकताच उभा केला होता. आंतरजिल्हा सामने चार दिवसांवर आले असताना संघातल्या एका मुलीचे वडील रात्री घरी आले. प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या हातात मुलीने लिहिलेले पत्र होते. संघाच्या व्यवस्थापकाच्या वागण्याविषयी त्यात काही होते. पहिल्या चार ओळींतच मला ते कळले, आणि मी पुढे वाचले नाही. "मास्तर," मी म्हणालो, "सामने तोंडावर आले आहेत. एवढे होऊन जाऊ द्या, मग आपण बघू." मास्तर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, साहेब." त्यांनी पत्राची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

आम्ही ती ढाल जिंकली. संस्थेच्या कचेरीत अनेक वर्षे त्या संघाचे छायाचित्र होते. मधोमध ढाल, मागे व्यवस्थापक, बाजूला मी. ती मुलगी त्यात नाही. ती सामन्यांना आलीच नाही, आणि पुढे तिने हॉकीची काठी हातात धरली नाही. "मग बघू" म्हणालो होतो, तो "मग" काही आला नाही. मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही.

त्या पत्रातली तक्रार खरी होती की खोटी, हे मला आजही ठाऊक नाही. ठाऊक नाही याचे कारण मी आहे. ती खरी असली तर मी त्या मुलीचा अपराधी. खोटी असली, तर त्या व्यवस्थापकाविषयी मी मनात चाळीस वर्षे जो संशय बाळगला, त्यापुरता त्याचाही अपराधी. ढाल जिंकल्याचा आनंद मात्र खराखुरा होता, हेच त्यातले सर्वांत वाईट.

म्हणून त्या दिवशीच्या भांडणाविषयी मला आता काय वाटते ते सांगतो. बंद दाराआड काय घडले, हे ठरवणे प्रेक्षकांचे काम नव्हे. तेवढ्यापुरते आजोबांचे बरोबर. पण दाराबाहेर जे घडते, ते पाहणे प्रेक्षकांचेच काम आहे: तक्रार कोणी घेतली, कोणी वाचली, चौकशी केव्हा झाली, पैसा कोणाच्या खिशातून गेला, कोणता सामना तोंडावर आहे म्हणून कोणाला थांबायला सांगितले. त्या खोल्यांतून प्रत्येक वेळी आपल्याच टाळ्यांचे निमित्त सांगितले जाते. लोकांचा विरस होईल, संघाचे नाव जाईल, असे जेव्हा चालक म्हणतात, तेव्हा ते लोक म्हणजे आपण. आपण कधी विचारत नाही, म्हणून ते आपल्या नावाने गप्प बसतात. नातीचे म्हणणे हेच होते.

परतण्यापूर्वी एकदा टोरोंटोच्या हॉकी संग्रहालयात तो चषक पाहायला गेलो. लोक काचेला नाक लावून आपापल्या लाडक्यांची नावे शोधत होते. आजोबा बरोबर आले होते, नात नव्हती. त्यांनी मला १९६७ साली टोरोंटोने जिंकलेल्या चषकाच्या आठवणी सांगितल्या, कारण त्यानंतर टोरोंटोने तो जिंकलेला नाही. मग जरा वेळाने ते म्हणाले, "तुमच्या पत्राची गोष्ट मी तिला सांगितली." मी विचारले, "काय म्हणाली?" आजोबा म्हणाले, "म्हणाली, त्या मुलीला शोधायला त्यांना सांगा."

मी परत आल्यावर शोध सुरू केला आहे. मास्तर हयात नाहीत. मुलीचे सासरचे गाव कळले आहे. पत्र लिहायला बसलो की पहिल्या चार ओळींपुढे जाता येत नाही. पण या वेळी सामने तोंडावर नाहीत, आणि "मग" म्हणायला मला सवड उरलेली नाही.